लिहिलेले हाती उरावे म्हणून: समाजमाध्यमे आणि ब्लॉग यांचा स्वतःसाठी उपयोग

आमच्या घरातल्या जुन्या ट्रंकेत आजोबांचा एक धोटा, म्हणजे मागावर आडवा धागा वाहून नेणारे साधन, आहे. दोन्ही टोकांना लोखंडी अणी बसवलेला, मधल्या पोकळीत कांडी (सूत गुंडाळलेली नळी) ठेवण्याची जागा असलेला आणि वर्षानुवर्षांच्या हाताळणीने काळवंडलेला हा लाकडी धोटा त्यांनी सोलापुरातल्या गिरणीतून निवृत्त होताना सोबत आणला होता. त्याच्या एका बाजूला तापल्या सळईने उमटवलेला आकडा आणि दोन खुणा आहेत. आजोबांच्या हयातीत मी त्यांचा अर्थ विचारला नाही, आणि विचारावासा वाटला तेव्हा सांगणारे कोणी घरात राहिले नव्हते. शेवटी मी धोट्याचे छायाचित्र एका समाजमाध्यमावर टाकून प्रश्न विचारला. तीन दिवसांत शहराच्या पूर्व भागातून, भिवंडीहून आणि हैदराबादेहून उत्तरे आली. आकडा मागाचा असावा आणि पहिली खूण खात्याची असावी, असे जुन्या कामगारांच्या दोन मुलांनी एकमेकांना न विचारता सांगितले; एका बाईंनी तर कांड्या भरण्याच्या कामातले, आपल्या आईच्या तोंडचे चार तेलुगू शब्दही लिहून पाठवले. मला फार आनंद झाला. पुढे सहा महिन्यांनी तेच शब्द पुन्हा हवे झाले, तेव्हा ती चर्चा शोधण्यात माझ्या दोन संध्याकाळी गेल्या. आणि चर्चा सापडली तरी त्या बाईंनी मधल्या काळात आपले खाते बंद केल्यामुळे त्यांचे उत्तर नाहीसे झाले होते.

तेव्हापासून मी एक पद्धत पाळते. प्रश्न समाजमाध्यमावर विचारायचा आणि मिळालेले उत्तर ब्लॉगवर साठवायचे. रोज तासभर मोबाइलवर घालवूनही वर्षाच्या शेवटी आपल्याजवळ काय राहिले हे ज्यांना सांगता येत नाही, त्यांना ही पद्धत उपयोगी पडेल, असा माझा अनुभव असल्यामुळे ती येथे तपशिलाने मांडत आहे.

आपल्याला नेमके काय हवे आहे

सुरुवात मोबाइल बाजूला ठेवून, कागदावर करावी. समाजमाध्यमांकडून माणसाला अनेक गोष्टी हव्या असतात: दूर गेलेल्या नातेवाइकांची खबरबात, आपल्या कामाला गिऱ्हाईक, एखाद्या विषयाचे शिक्षण, घरच्या आठवणींची जपणूक, किंवा नुसते मन मोकळे करायला जागा. यांतली कोणतीही इच्छा कमी प्रतीची नाही. मात्र सगळ्या एकाच वेळी मनात ठेवून लिहू लागले की कोणतीच पुरी होत नाही, म्हणून पहिल्या सहा महिन्यांसाठी एकच निवडावी आणि ती एका वाक्यात लिहावी. ‘मला सोलापूरविषयी लिहायचे आहे’ हे वाक्य पुरेसे नाही. ‘कडक भाकरी आणि शेंगाचटणी घरच्या घरी करून विकणाऱ्या बायका ज्वारी कशी पारखतात, हे मला नोंदवायचे आहे’ हे वाक्य पुरेसे आहे, कारण ते वाचताच उद्या कोणाकडे जायचे आणि काय विचारायचे हे कळते.

इच्छा ठरत नसेल तर एक सोपी कसोटी आहे. स्वतः आतापर्यंत टाकलेल्या शेवटच्या वीस पोस्ट काढाव्यात आणि त्यांतली कोणती आपण पाच वर्षांनी पुन्हा वाचू, हे प्रामाणिकपणे ठरवावे. माझ्या वीस पोस्टपैकी तीन उरल्या. त्या तिन्ही माणसांच्या कामाविषयी होत्या, आणि ज्या सणांच्या शुभेच्छांना सर्वांत जास्त पसंती मिळाली होती त्यांतली एकही उरली नाही. माझा विषय मला असा सापडला.

फीड आणि ब्लॉग

समाजमाध्यम आणि ब्लॉग ही दोन्ही लिहिण्याचीच साधने असली तरी त्यांची घडण निराळी आहे, आणि ती समजून घेतल्याशिवाय त्यांचा उपयोग करता येत नाही. समाजमाध्यमावरचे फीड, म्हणजे पडद्यावर एकामागून एक येणाऱ्या पोस्टची रांग, वाचणाऱ्याला अधिकाधिक वेळ तेथे गुंतवून ठेवील अशा क्रमाने रचलेले असते. तुमची पोस्ट कोणाला, किती वेळ आणि कधी दिसेल हे तुम्ही ठरवत नाही, आणि दोन दिवसांनंतर ती बहुधा कोणालाच दिसत नाही. ब्लॉगवरच्या नोंदी तारखेने आणि लेबलाने लावलेल्या असतात, प्रत्येक नोंदीला स्वतःचा कायमचा पत्ता असतो, आणि सार्वजनिक ब्लॉग गुगलसारख्या शोधयंत्रांना वाचता येतो. त्यामुळे आज लिहिलेली नोंद चार वर्षांनी एखाद्या अनोळखी माणसाच्या नेमक्या गरजेच्या वेळी त्याच्यासमोर येऊ शकते. बंद गटात किंवा व्हॉट्सॲपवर लिहिलेल्या उत्तम माहितीला हे भाग्य लाभत नाही.

दुसरा फरक टिकण्याचा आहे. २००४ साली सुरू झालेले ऑर्कुट हे समाजमाध्यम एके काळी आपल्याकडच्या प्रत्येक महाविद्यालयीन मुलाच्या तोंडी होते; ते ३० सप्टेंबर २०१४ रोजी बंद झाले. गुगल प्लस सर्वसामान्य वापरकर्त्यांसाठी एप्रिल २०१९ मध्ये बंद झाले. जून २०२० च्या अखेरीस भारतात टिकटॉकवर बंदी आली आणि ग्रामीण भागातल्या अनेक कलावंतांचा प्रेक्षकवर्ग एका रात्रीत तुटला. ब्लॉगसेवाही बंद पडू शकतात, हे खरे. पण ब्लॉगर आणि वर्डप्रेस या दोन्ही सेवांवर आपले सर्व लेखन एका फाइलीत उतरवून घेण्याची सोय आहे, आणि ती फाइल दुसरीकडे नेऊन ब्लॉग पुन्हा उभा करता येतो. सोलापुरात दर जानेवारीत भरणाऱ्या सिद्धरामेश्वरांच्या गड्ड्याच्या यात्रेत माणसे भेटतात, ओळखी होतात, ज्याची गाठ पडेल असे वाटलेही नव्हते तो समोर येतो. पण यात्रा उठली की मैदान मोकळे होते, आणि भेटलेल्या माणसाला पुन्हा भेटायचे असेल तर त्याला आपल्या घरचा पत्ता द्यावा लागतो. ब्लॉगकडे मी या पत्त्यासारखे पाहते.

विषय, नाव आणि पहिल्या दहा नोंदी

विषय जितका अरुंद, तितका ब्लॉग तग धरतो, असे माझे ठाम मत आहे. सोलापूर शहरावर लिहायला बसलेला माणूस चौथ्या नोंदीला थकतो, कारण सिद्धेश्वर मंदिर, भुईकोट किल्ला आणि चादर यांवर आधीच पुष्कळ लिहिले गेले आहे. त्याऐवजी आपल्या पायाखालचा तुकडा निवडावा. नान्नजच्या माळढोक अभयारण्याजवळ राहणाऱ्या शेतकऱ्याने आपल्या बांधावर कोणत्या महिन्यात कोणते पक्षी दिसले हे लिहावे. विडी वळणाऱ्या आईच्या मुलीने पानांची छाटणी, तंबाखूचे माप आणि दिवसाच्या हिशेबाची पद्धत लिहावी. चादरीच्या कारखान्यात काम केलेल्या माणसाने जॅकार्डच्या (मागावर नक्षी विणणाऱ्या यंत्रणेच्या) भोके पाडलेल्या पुठ्ठ्यांवरून नक्षी कापडात कशी उतरते, हे आपल्या शब्दांत सांगावे. ही माहिती यंत्रशास्त्राच्या पुस्तकात मिळेल, पण पुठ्ठा फाटला तर पाळीवर काय धांदल उडते, हे तेथे मिळणार नाही. सोलापुरात मराठी, कन्नड, तेलुगू आणि दखनी या भाषा एकाच गल्लीत बोलल्या जातात. एकाच भांड्याला चार घरांत कोणती चार नावे आहेत, एवढ्या एका प्रश्नावर वर्षभर लिहिता येईल.

नाव साधे ठेवावे आणि ब्लॉगचा पत्ता एकदा ठरल्यावर बदलू नये, कारण पत्ता बदलला की इतरांनी दिलेले सर्व दुवे मोडतात. ब्लॉगर १९९९ पासून आहे, वर्डप्रेस २००३ पासून. दोहोंवर विनामूल्य सुरुवात करता येते आणि नवशिक्याला दोहोंपैकी कोणतेही चालेल. सेवेच्या निवडीत आठवडे घालवण्यात अर्थ नाही. देवनागरी मात्र युनिकोडमध्येच लिहावी. छपाईसाठी पूर्वी वापरल्या जाणाऱ्या फाँटमधला मजकूर पडद्यावर मराठी दिसला तरी संगणकाच्या लेखी ती निराळीच अक्षरे असतात, त्यामुळे तो शोधयंत्राला सापडत नाही. घरात असा जुना मजकूर असेल तर आधी त्याचे रूपांतर करून घ्यावे. ज्यांना टंकलेखन अवघड जाते त्यांनी मोबाइलच्या कीबोर्डवरचे मराठी बोलून लिहिण्याचे साधन वापरावे. माझ्या ओळखीतल्या सत्तरी ओलांडलेल्या एका गृहस्थांनी आपल्या बारा नोंदी अशाच बोलून लिहिल्या आणि नंतर नातीकडून विरामचिन्हे दुरुस्त करून घेतली.

पहिल्या दहा नोंदी होईपर्यंत ब्लॉगची कोणालाही वाच्यता करू नये, असे मी आग्रहाने सांगते. एका नोंदीवर मिळालेले कौतुक पुढच्या नोंदीचा विषय बदलून टाकते, आणि आपण काय लिहिणार होतो ते मागे पडते. नोंद तीनशे ते आठशे शब्दांची असावी, पंधरवड्याला एक पुरे. पहिल्याच परिच्छेदात गोष्ट कोणती, गावातल्या कोणत्या भागातली आणि साधारण कोणत्या वर्षातली हे यावे. ‘पूर्वी आमच्याकडे’ अशी सुरुवात घरच्या माणसाला कळते, परक्याला कळत नाही, आणि वीस वर्षांनी घरच्यालाही कळणार नाही. जागांची जुनी आणि नवी अशी दोन्ही नावे लिहावीत. इंग्रजी अमदानीतल्या कागदपत्रांत ‘शोलापूर’ असा उच्चार असल्याने जुन्या गोष्टींविषयी लिहिताना तो शब्दही एकदा मजकुरात आणावा, म्हणजे जुने कागद शोधणाऱ्यालाही नोंद सापडते. माहिती कोणाकडून मिळाली, त्या माणसाने ते स्वतः पाहिले होते की ऐकले होते, हे प्रत्येक वेळी लिहावे.

तारखांच्या बाबतीत विशेष दक्षता हवी, कारण एकदा ब्लॉगवर गेलेली चूक पुढे दहा ठिकाणी उतरवली जाते. १९३० च्या मे महिन्यात सोलापुरात लागू झालेला मार्शल लॉ (लष्करी कायदा), १२ जानेवारी १९३१ रोजी येरवड्यात फाशी गेलेले मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, कुर्बान हुसेन आणि जगन्नाथ शिंदे हे चार हुतात्मे, सोलापुरात १९१० साली जन्मलेले आणि चीनमध्ये रुग्णसेवा करताना १९४२ साली वारलेले डॉ. द्वारकानाथ कोटणीस, यांच्याविषयी आपल्या घरात काही आठवण सांगितली जात असेल तर ती जरूर लिहावी. पण आठवण आणि इतिहासाची तारीख या दोन गोष्टी वेगळ्या ठेवाव्यात, आणि तारीख निदान दोन स्वतंत्र ठिकाणी पडताळल्याशिवाय लिहू नये.

मराठी विकिपीडिया १ मे २००३ पासून चालू आहे आणि तेथेही लिहावे, असे मला अनेक जण सुचवतात. सूचना चांगली आहे. मात्र विकिपीडियावर आधी प्रकाशित झालेल्या विश्वसनीय संदर्भाचाच आधार चालतो. आजीने सांगितलेली गोष्ट तेथे घेतली जात नाही, आणि ज्ञानकोशासाठी तो नियम योग्यच आहे. म्हणूनच आजीच्या गोष्टीसाठी ब्लॉग हवा.

माणसे जोडताना

अमेरिकेतील समाजशास्त्रज्ञ मार्क ग्रॅनोव्हेटर यांनी १९७३ साली दाखवून दिले की नवी माहिती, विशेषतः नोकरीची खबर, माणसाला अनेकदा जिवलगांकडून मिळत नाही, तर क्वचित भेटणाऱ्या ओळखीच्यांकडून मिळते. कारण सोपे आहे. जिवलग आपल्याच वर्तुळात वावरतात, त्यामुळे त्यांना जे ठाऊक असते ते बहुतेक आपल्यालाही ठाऊक असते; दूरची ओळख मात्र दुसऱ्या वर्तुळाचे दार उघडते. धोट्याचा अर्थ माझ्या घरच्या गटात कोणालाच ठाऊक नव्हता, तो भिवंडीच्या अनोळखी माणसाने सांगितला, याचे स्पष्टीकरण मला या सिद्धांतात मिळाले. दुसऱ्या बाजूने, ब्रिटिश मानववंशशास्त्रज्ञ रॉबिन डनबार यांनी १९९२ साली असा अंदाज मांडला की एक माणूस साधारण दीडशे माणसांशीच खरे संबंध राखू शकतो. या आकड्याविषयी पुढे बरेच वाद झाले, तरी पाच हजार मित्रांच्या यादीतून आपण प्रत्यक्षात कितींची विचारपूस करतो, हे ज्याचे त्याने मोजून पाहावे. मी या दोन्ही गोष्टींमधून असा व्यवहार काढला आहे की दूरच्या ओळखींना प्रश्न विचारावेत आणि जवळच्यांसाठी वेळ राखून ठेवावा. दूरच्या प्रत्येकाला जवळचा करण्याचा प्रयत्न करू नये.

प्रश्न विचारण्याचीही रीत असते. एका वेळी एकच प्रश्न, सोबत एकच स्पष्ट छायाचित्र, आपल्याला आधी काय ठाऊक आहे त्याची दोन वाक्ये, आणि उत्तर कशासाठी हवे आहे याचा खुलासा, एवढे दिले तर जाणकार माणूस थांबतो. ‘याविषयी कोणाला काही माहिती आहे का?’ एवढेच विचारले तर इमोजी येतात. उत्तर मराठीतच यावे असा हट्ट सोलापुरात तरी धरू नये. तेलुगूत, कन्नडात किंवा दखनीत आलेले वाक्य जसेच्या तसे देवनागरीत उतरवून खाली मराठी अर्थ द्यावा, कारण पुष्कळदा सगळी माहिती त्या एका शब्दातच साठलेली असते. उत्तर देणाऱ्याचे नाव त्याच्या परवानगीनेच लिहावे. नोंद तयार झाली की तिचा दुवा त्याला व्यक्तिशः पाठवावा आणि काही चुकले असल्यास सांगण्याची विनंती करावी. हे शेवटचे पाऊल बहुतेक जण विसरतात, आणि माझ्या बाबतीत सर्वांत जास्त माणसे याच पावलाने जोडली गेली; आपण सांगितलेले कोणीतरी नीट लिहून ठेवले हे पाहिल्यावर माणूस पुढच्या वेळी स्वतःहून फोन करतो.

इतरांच्या लेखनावर मनापासून लिहिलेला अभिप्राय हाही माणसे जोडण्याचा भरवशाचा मार्ग आहे. ‘छान लिहिले आहे’ याऐवजी कोणते वाक्य आवडले आणि त्यावरून आपल्याला काय आठवले, हे दोन ओळींत लिहावे. आठवड्याला असे तीन अभिप्राय लिहिले तरी पुरेत. पुण्या-मुंबईत नोकरीसाठी गेलेली सोलापूरची मुले अशा अभिप्रायांतून आपल्या गावाशी पुन्हा बोलू लागल्याचे मी पाहिले आहे.

महिन्याचा हिशेब

पसंतीचे आकडे हा हिशेबाचा चुकीचा स्तंभ आहे. मी महिन्याच्या अखेरीस वहीच्या एका पानावर चार गोष्टी लिहिते: किती तास गेले, नवे काय कळले, कोणाशी खरा संवाद झाला, आणि ब्लॉगवर काय साठले. तासांचा आकडा अंदाजाने लिहू नये. अँड्रॉइड फोनवर डिजिटल वेलबीइंगमध्ये आणि आयफोनवर स्क्रीन टाइममध्ये तो अचूक मिळतो, आणि पहिल्यांदा पाहताना तो जवळजवळ नेहमी आपल्या अंदाजापेक्षा मोठा निघतो. एखाद्या माध्यमापुढे सलग तीन महिने शेवटचे तीन रकाने रिकामे राहिले तर ते ॲप फोनवरून काढावे, खाते तसेच राहू द्यावे. सगळ्या नोटिफिकेशन बंद करून दिवसातून ठरलेल्या दोन वेळांनाच उत्तरे पाहिली तर बराच वेळ वाचतो.

सांभाळून

घराचा पत्ता, मुलांच्या शाळेचे नाव, प्रवासाला निघाल्याची वार्ता आणि ओळखपत्रांची छायाचित्रे सार्वजनिक ठिकाणी टाकू नयेत. घरातल्या मुलांची छायाचित्रे टाकण्याआधी त्यांना विचारण्याची सवय लावावी. प्रत्येक खात्याला दोन टप्प्यांची पडताळणी लावून घ्यावी. ऑनलाइन आर्थिक फसवणूक झाल्यास ताबडतोब १९३० या राष्ट्रीय मदतक्रमांकावर फोन करावा. मार्शल लॉचे वर्ष ज्याला पाठ आहे त्या सोलापूरकराला हा क्रमांक वेगळा लक्षात ठेवावा लागणार नाही. दुसऱ्याचे लेखन उचलून आपल्या ब्लॉगवर लावू नये. आपल्या कायद्यानुसार लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षांपर्यंत त्याच्या लेखनावर हक्क असतो.

वर्षातून दोनदा सर्व नोंदी उतरवून घेऊन एक प्रत संगणकावर आणि दुसरी पेनड्राइव्हवर ठेवावी. छायाचित्रांच्या मूळ फाइली वेगळ्या जपाव्यात, कारण समाजमाध्यमे त्यांचा आकार कमी करून साठवतात आणि व्हॉट्सॲपवरून फिरलेले छायाचित्र बहुधा पुढे छापण्याजोगे राहत नाही. मी दर दिवाळीच्या आधी वर्षभरातल्या नोंदी छापून बांधून घेते. त्या प्रतीचा खर्च थोडा असतो आणि घरातली जी वडीलधारी माणसे पडद्यावर वाचू शकत नाहीत ती तिच्यावर पेन्सिलीने दुरुस्त्या लिहितात. गेल्या प्रतीवर माझ्या आत्याने अकरा दुरुस्त्या केल्या, आणि त्यांतल्या नऊ बरोबर होत्या.

धोट्यावरच्या दुसऱ्या खुणेचा अर्थ अजून लागलेला नाही. ती नोंद ‘अपूर्ण’ या लेबलाखाली आहे, आणि दर जानेवारीत सिद्धरामेश्वरांच्या यात्रेसाठी बाहेरगावी गेलेली सोलापूरची कुटुंबे परत येतात, तेव्हा मी तिचा दुवा पुन्हा एकदा पाठवते.